मदत हवी आहे: दोन महिने रोज चालतोय, ना वजन हलत ना डोकं शांत होत

कपाशीवाला (११ मे, रात्री ११:४८)
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो. दोन महिने झाले, रोज ४५ मिनिटं चालतोय. एका दिवसाचा खाडा नाही. वजन ८७ होतं, आज ८६.५ भरलं. अर्धा किलो! तेवढं तर चपला काढून ठेवल्या तरी कमी होतं. चिडचिड होती तशीच आहे. परवा पोरानं साधा पेन मागितला तर त्याच्यावर असा खेकसलो की तो मागच्या खोलीत जाऊन बसला. झोप नाही.
पंधरा दिवसांत सीझन सुरू होईल, मग मान वर करायला वेळ नाही. त्याआधी काहीतरी ठोस सांगा. जिम लावू? घरी ट्रेडमिल घेऊ? 'पाणी प्या, आनंदी राहा' असले सल्ले नकोत, ते व्हॉट्सॲपवर रोज सकाळी गुलाबाच्या फुलासकट येतात.

मेहरूणकाठी (१२ मे, सकाळी ६:१०)
वय? उंची? काम काय करता? कधी चालता, किती वेगानं? खाणंपिणं? यातलं काहीच लिहिलेलं नाही. डॉक्टरसमोर बसून 'दुखतंय' एवढंच सांगितल्यासारखं झालं हे.

लोखंडीदांडा (१२ मे, ६:५५)
चालून काही होत नसतं भाऊ. चालणं म्हाताऱ्यांसाठी. वजन उचला. स्क्वॉट, डेडलिफ्ट, आठवड्याला चार दिवस, आणि प्रोटीन वाढवा. मी ९४ वरून ७८ वर आलो. माझ्याकडे चार्ट आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

नमस्कार१०८ (१२ मे, ७:३०)
वय वर्षे ६७, अमळनेर, निवृत्त शिक्षक. वरच्या चिरंजीवांनी आम्हाला म्हातारे ठरवले, हरकत नाही. चाळीस वर्षे सूर्यनमस्कार घालतो आहे. बारा आसनांत सगळे अंग हलते, श्वास लागतो, मन जागेवर येते. खर्च शून्य. सतरंजीसुद्धा लागत नाही. आजपासून बारा घाला, दर आठवड्याला चार वाढवा.

लोखंडीदांडा (१२ मे, ७:४१)
काका, राग मानू नका, पण ८७ किलोचा माणूस पहिल्या दिवशी बारा नमस्कार घालेल तर दुसऱ्या दिवशी मनगटं धरून बसेल.

नमस्कार१०८ (१२ मे, ७:५८)
आणि डेडलिफ्ट करून कंबर धरून बसेल ते चालेल का?

कपाशीवाला (१२ मे, दुपारी २:२०)
तुमचं चालू द्या. वय ४३, उंची साडेपाच फूट. दुकान आहे. जेवण घरचंच. तंबाखू, दारू काही नाही. आता सांगा, जिम की ट्रेडमिल?

बिबडी (१२ मे, २:३५)
कसलं दुकान दादा? मिठाईचं असेल तर उत्तर मिळालंच म्हणायचं. 🙂

कपाशीवाला (१२ मे, २:५१)
बी-बियाणं, खतं, औषधं. पाचोऱ्याला. पण दुकानाचा इथे काय संबंध?

पायपुसणं (१२ मे, ३:०५)
जळगावात माझ्याकडे वापरलेली ट्रेडमिल आहे. खरं तर वापरलेली नाहीच, तिच्यावर कपडे वाळतात. योग्य किंमत आली तर देऊन टाकीन. आणायचं तुमचं तुम्ही बघा.

रनिंगरूम (१२ मे, ४:१५)
मालगाडी चालवतो, भुसावळ. झोपेचं मला विचारा. आज रात्री दोनला उठायचं, उद्या दुपारी झोपायचं. तीन वर्षांत अकरा किलो चढलं, खाणं तेच होतं. झोप तुटली की भूक वाढते, तीही तिखट-गोडाची, भाजी-भाकरीची नाही. दिवसा झोपताना खिडकीला जाड चादर, फोन दुसऱ्या खोलीत, एवढं केलं तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. तुम्ही किती वाजता झोपता ते सांगा. धागा रात्री पावणेबाराला टाकलाय, असं दिसतंय.

लळिंगवाला (१२ मे, ५:००)
भाऊ, धुळ्याले ये. लळिंगच्या किल्ल्यावर रविवारे सकाळी चढ. सहा महिनामा पोट कुठं गयं ते सापडाव नही.

मेहरूणकाठी (१२ मे, ५:१२)
मे महिन्यात लळिंग? पारा ४४ वर आहे. माणूस वर पोचेल, खाली पापड येईल. आम्ही मेहरूण तलावाला साडेपाचला सुरू करतो, साडेसहाला घरी. त्यानंतर ऊन चटके देतं. आणि कपाशीवाले, चालता कधी ते अजून सांगितलं नाहीत.

कपाशीवाला (१२ मे, रात्री ११:१५)
रात्री. दुकान साडेनऊला बंद, जेवण, मग साडेदहाला भडगाव रोडला. आत्ताच आलो. झोपायला एक-दीड होतो, पाचला जाग येतेच, कारण शेतकऱ्यांचे फोन पाचला सुरू होतात. चालताना वसुलीचे फोन उरकतो, तेवढाच मोकळा वेळ मिळतो. रात्री माणूस घरी सापडतो. म्हणजे एका कामात दोन कामं.

गिरणाकाठ (१२ मे, ११:३२)
सापडलं. अहो, तुम्ही चालत नाही आहात. तुम्ही वसुली करताय, फक्त उभ्यानं.
माझं हार्डवेअरचं दुकान, म्हणून कळतंय. पोटभर जेवून, रात्री पावणेअकराला समोरच्याशी 'यंदा तरी देशील का' म्हणून वाद घालायचा, आणि मग अंथरुणावर पडून झोप येत नाही म्हणायचं. किती अडकलेत?

कपाशीवाला (१२ मे, ११:४०)
साडेनऊ लाख. कंपनीला आम्ही आधी भरतो, शेतकरी कापूस विकल्यावर देतो. यंदा निम्म्यांनी भाव वाढेल म्हणून कापूस घरातच ठेवलाय. घरात बसायला जागा नाही, पोराबाळांना खाज सुटलीय, पण विकत नाहीत. त्यांचंही चूक नाही म्हणा. वही उशाशी असते. मध्येच आठवलं की दिवा लावून बघतो.

बिबडी (१३ मे, सकाळी ९:०५)
दादा, एक प्रश्न राहिला. चहा किती?

कपाशीवाला (१३ मे, ९:४०)
जास्त नाही. गिऱ्हाईक आलं की होतो तेवढा.

बिबडी (१३ मे, ९:४४)
आज मोजा. कपाला रबर लावा, वहीत रेघ मारा, काहीही करा. रात्री सांगा.

पोहेवाला_पुणेकर (१३ मे, १०:२०)
मूळचा एरंडोलचा. खान्देशी जेवणच मुळात जड आहे, हे कोणी बोलत नाही. शेवभाजीवर बोटभर तर्री, वर पापड, बिबड्या, मिरचीचा ठेचा. मी नाश्त्याला ओट्स सुरू केले, चार महिन्यांत फरक.

तर्रीबाज (१३ मे, १०:३१)
पुण्यात गेला आणि ओट्स खाऊ लागला. आजीला कळू देऊ नका. कळण्याची भाकरी काय वाईट आहे? ज्वारी अन् उडीद, वर कांदा. दोन भाकऱ्यांत दुपार निघते. तेल कमी करा, भाकरीला कशाला नावं ठेवता.

पोहेवाला_पुणेकर (१३ मे, १०:३९)
भाकरीला कोण बोललं? भरितात किती तेल घालतात ते बघितलंय का?

तर्रीबाज (१३ मे, १०:४५)
भरीत कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजून लाकडी बडजीत ठेचलेलं असेल तर दोन चमचे तेलात काम होतं. हॉटेलातलं खाल तर पोहायला जागा मिळेल. आणि मे महिन्यात भरिताची वांगी कुठून आणता? ती थंडीतली गोष्ट.

मेहरूणकाठी (१३ मे, ११:००)
अवांतर आवरा. एक सांगतो. आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल असं चालणं, शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे दांडेवाले आणि काका, दोघांचंही थोडं थोडं बरोबर. दम लागेल असं म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. फोनवर अर्धा तास भांडता येतंय, याचा अर्थ वेग पुरेसा नाही.

दहाहजारपाऊल (१३ मे, ११:२५)
घड्याळ घ्या, रोज १०,००० पावलं करा. कमी पडली तर घरातल्या घरात फेऱ्या मारा. मी रात्री बाराला न्हाणीघरात पूर्ण करतो.

मेहरूणकाठी (१३ मे, ११:३०)
दहा हजार हा आकडा १९६५ साली जपानात पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून आला. त्यासाठी बाराला न्हाणीघरात फिरू नका, घरचे घाबरतील.

कपाशीवाला (१३ मे, रात्री ११:०२)
मोजला. अकरा. मलाच धक्का बसला. एक कंपनीचा माणूस आला, दोन. गाडीवाला आला, एक. शेजारचा भुसारवाला रोज चारला येतो. शेवटचा पावणेनऊला.

बिबडी (१३ मे, ११:१०)
कपात साखर दोन चमचे धरा, चमचा चार-पाच ग्रॅमचा. अकरा कप म्हणजे ९० ते ११० ग्रॅम साखर, साडेतीनशे ते साडेचारशे कॅलरी, दूध वेगळंच. ४५ मिनिटांच्या रमतगमत चालण्यात एवढं जळत नाही. शिवाय चहातलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाच-सहा तास लागतात. पावणेनऊचा कप एक वाजता तुमच्या उशाशी वहीसोबत जागा असतो.

कपाशीवाला (१३ मे, ११:१८)
चहा बंद केला तर गिऱ्हाईक काय म्हणेल? इथे चहा विचारला नाही तर उद्या समोरच्या दुकानात बसलेला दिसतो.

गिरणाकाठ (१३ मे, ११:२६)
त्याला पाजा, तुम्ही घेऊ नका. मी समोर ग्लासात ताक ठेवतो. कोणी काही बोललेलं नाही अकरा वर्षांत. आणि वसुलीला वार ठरवा: मंगळवार-शुक्रवार, सकाळी दहा ते बारा, दुकानातून. दुकानात भाचा-पुतण्या कोणी असेल त्याला यादी द्या, पहिला फोन त्यानं करायचा. अडलेले तेवढे तुमच्याकडे. वही गल्ल्यात ठेवून कुलूप. रात्री आठवलं तर आठवू द्या, रात्री दीडला कोणी पैसे आणून देत नाही.

लोखंडीदांडा (१३ मे, ११:३५)
गोण्या उचलता का रोज? तोच व्यायाम समजा मग. ५० किलोची डीएपी खताची गोणी म्हणजे तयार डेडलिफ्ट.

कपाशीवाला (१३ मे, ११:४४)
आधी उचलायचो. आता उचलली की छातीत भरून येतं, डावा खांदा जड होतो. गॅस आहे, सोडा प्यायलो की जातो. जिना चढतानाही होतं, थांबलं की बरं वाटतं. म्हणूनच तर चालणं सुरू केलं.

ओपीडी७ (१४ मे, सकाळी ५:५०)
मी नर्स आहे, इतके दिवस फक्त वाचत होते. हे तुम्ही पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. श्रम केले की छाती भरून येते आणि थांबलं की जाते, त्याला गॅस म्हणून सोडून द्यायचं नसतं. व्यायाम सध्या बंद. आज दुकान उघडायच्या आधी जा. ईसीजी, रक्तदाब, साखर. तिकडे नेमकं हेच वाक्य सांगा, 'जिना चढताना होतं, थांबलं की जातं'. बसल्या जागी दुखू लागलं, घाम फुटला, तर थांबू नका, १०८ लावा.
आणि लोखंडीदांडा, कृपा करून डीएपीचा सल्ला मागे घ्या.

लोखंडीदांडा (१४ मे, ६:२०)
घेतला. भाऊ, खरंच जा.

लळिंगवाला (१४ मे, ६:३१)
पहिले डॉक्टरले दखाडी ये भाऊ. किल्ला कुठं पळी जास नही.

नमस्कार१०८ (१४ मे, ७:००)
नमस्कारही थांबवा. तपासणी होऊ द्या.

रनिंगरूम (१६ मे, रात्री ९:१०)
दोन दिवस झाले. कपाशीवाले, काही कळवाल का?

पायपुसणं (१७ मे, दुपारी १:००)
ट्रेडमिलचं काय ठरलं?

बिबडी (१७ मे, १:०४)
अहो, जरा वेळकाळ बघा!

कपाशीवाला (१८ मे, सकाळी ६:४०)
आहे मंडळी. चौदालाच गेलो, बायकोनं हा धागा वाचला आणि दुकानाची किल्लीच काढून घेतली. ईसीजीत काही नाही. मग जळगावला पाठवलं. शेवटी ट्रेडमिलवर चढलोच, पण हृदयवाल्या डॉक्टरांच्या. छातीला तारा लावून पळवलं. त्यातही ठीक आलं. रक्तदाब मात्र १५२/९६, तीन वेळा घेतला, तसाच. तीन महिन्यांची साखर ६.१, म्हणजे मधुमेह नाही, पण उंबऱ्यावर उभा आहे. रक्तदाबाची गोळी सुरू. पोटाचा घेर मोजला, ४१ इंच. ३५च्या आत हवा म्हणाले. छातीतल्या त्रासावर नजर ठेवायची, पंधरा दिवसांनी परत बोलावलंय, तोवर गोणी नाही. सपाट रस्त्यावर हळू चालायला हरकत नाही, म्हणाले.
चहा तीनवर आणलाय, पहिले दोन दिवस डोकं असं ठणकलं की विचारू नका. वही गल्ल्यात. काल पहिल्यांदा पहाटे चाललो, फोन घरी. वीस मिनिटं. पहिली दहा खिसा चाचपडण्यात गेली.

ओपीडी७ (१८ मे, ७:१५)
छान. घरी रक्तदाब घ्याल तर आधी पाच मिनिटं शांत बसा, आणि अर्धा तास आधी चहा नको. एवढं होऊनही रात्री डोकं थांबत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. त्यासाठी वेडं असावं लागत नाही.

गिरणाकाठ (१८ मे, ७:२२)
वसुली?

कपाशीवाला (१८ मे, ७:५०)
भाच्यानं शुक्रवारी चौदा फोन केले, दोघांनी दिले. मी रात्री करायचो तेव्हाही दोघंच द्यायचे.

तर्रीबाज (१८ मे, ८:०५)
थंडीत पाचोऱ्याला येतो, भरिताला. तेल मोजून.

पायपुसणं (१८ मे, ८:३०)
म्हणजे माझी ट्रेडमिल नको, असं समजू का?