तक्त्यातले लोह आणि रक्तातले लोह यांत एवढी तफावत का?

आर्द्रा :
माझ्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन सीमारेषेवर असून फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन, ज्यावरून शरीरातील साठा कळतो) कमी आले आहे. डॉक्टरांनी लोहाची गोळी सुचवली आहे आणि ती मी घेणारच आहे. प्रश्न आहाराविषयी आहे. मी शाकाहारी आहे. पोषणतक्ते पाहून हिशेब मांडला, तर पालेभाज्या, धान्ये आणि कडधान्ये यांतून मला रोजच्या गरजेएवढे लोह मिळते असे दिसते. असे असताना साठा कमी का पडावा? आणि अशी तफावत लोहापुरतीच असते, की इतर खनिजे, जीवनसत्त्वे व भाज्या-फळांतील ज्या द्रव्यांचे सध्या एवढे गुणगान होते, त्यांचेही असेच असते? कोणी सविस्तर समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

निरंतर :
आर्द्राताई, पदार्थात लोह किती आहे एवढेच तक्ता सांगतो. त्यातले आतड्याच्या भिंतीपलीकडे किती जाईल, हे सोबत काय खाल्ले आणि शरीराला त्या वेळी किती गरज आहे यावर ठरते. मांस-मासळीतील हीम लोहाचे (हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनांत असलेल्या लोहाचे) शोषण साधारण १५ ते ३५ टक्के होते, तर वनस्पतींतील लोहाचे २ ते २० टक्के. २ आणि २० यांत दहा पटींचे अंतर आहे, आणि तुमचा हिशेब चुकतो तो इथेच.

लोहाची फेरिक आणि फेरस अशी दोन रूपे असतात; वनस्पतींतील लोह बहुतांशी फेरिक रूपात असते. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील पेशींवर जे वाहक प्रथिन असते, ते मात्र फेरस रूपातील लोहच आत घेते. हे रूपांतर घडवण्यात क जीवनसत्त्वाची मोठी मदत होते. शिवाय जठरातून पुढे गेल्यावर आम्लता कमी होते, तेव्हाही ते लोहाला विरघळलेल्या अवस्थेत राखते. त्यासाठी ते त्याच जेवणात असावे लागते. सकाळी घेतलेल्या क जीवनसत्त्वाचा रात्रीच्या जेवणातील लोहाला उपयोग होत नाही. याउलट धान्यांच्या कोंड्यातील आणि कडधान्यांतील फायटेट (बियांत फॉस्फरस साठवणारे द्रव्य), तसेच चहा-कॉफीतील पॉलिफिनॉल (वनस्पतींत आढळणाऱ्या संयुगांचा एक गट) लोहाला बांधून ठेवतात. जेवतानाच घेतलेला चहा त्या जेवणातील लोहाचे शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो. तोच तासाभराने घेतला तर हा परिणाम बराच सौम्य होतो. भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे या क्रियांत फायटेझ हे विकर (एन्झाइम) फायटेटचे विघटन करते आणि लोहाबरोबर जस्तही मोकळे होते.

आता शरीराची बाजू पाहू, कारण माझ्या मते निर्णायक भाग तोच आहे. यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक तयार करते. साठा भरलेला असला किंवा शरीरात कुठे दाह असला, की हेप्सिडिन वाढते आणि आतड्याच्या पेशीतून रक्तात उतरण्याची लोहाची वाट बंद होते. ते लोह त्या पेशीतच फेरिटिनमध्ये अडकून पडते, आणि काही दिवसांत पेशी गळून पडली की तिच्याबरोबर शरीराबाहेर जाते. म्हणजे पेशीत शिरलेले लोहसुद्धा वापरात येईलच असे नाही. साठा रिकामा असेल तर हेप्सिडिन घटते आणि त्याच जेवणातून अधिक लोह रक्तात पोहोचते.

म्हणूनच एक गोष्ट आग्रहाने सांगतो. लाल पेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते, पण ते जवळजवळ सगळे जुन्या लाल पेशींतूनच परत मिळते. आहारातून भरून काढायची झीज एरवी फक्त १ ते २ मिलिग्रॅमची असते. फेरिटिन घसरले असेल तर शोषणाबरोबरच रक्त कुठे जात आहे का, हेही तपासायला हवे. मासिक पाळीतील जास्त रक्तस्राव, पचनमार्गातील रक्तस्राव, सिलिअ‍ॅक विकार (गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा) यांविषयी डॉक्टरांशी अवश्य बोला. ही कारणे आहार सुधारून दूर होत नाहीत.

हिरवळ :
वरील उत्तराला पुस्ती जोडते. तफावत लोहापुरती मुळीच नाही. पालकातील कॅल्शियम तक्त्यात भरपूर दिसते, पण ऑक्झलेट या वनस्पतीतील द्रव्याशी बांधलेले असल्यामुळे त्यातले सुमारे ५ टक्केच शोषले जाते. दुधातील मात्र ३० टक्क्यांच्या आसपास. ऑक्झलेट कमी असलेल्या ब्रोकोलीसारख्या भाज्यांतील कॅल्शियम दुधाच्या तोडीने किंवा त्याहून चांगले शोषले जाते.

गाजर-टोमॅटोतील कॅरोटिनॉइड ही रंगद्रव्ये स्निग्धात विरघळतात. जेवणात थोडेही तेल-तूप नसेल, तर पित्तक्षारांच्या साहाय्याने त्यांना वाहून नेणारे सूक्ष्म कण पुरेसे तयारच होत नाहीत. चिरल्याने आणि शिजवल्याने पेशींच्या भिंती फुटतात, त्यामुळे शिजवलेल्या टोमॅटोतील लायकोपीन हे लाल कॅरोटिनॉइड कच्च्यापेक्षा अधिक मिळते. मात्र शिजवणे नेहमीच फायद्याचे असते असे नाही. ब्रोकोलीच्या पेशींत ग्लुकोराफॅनिन हे मूळ द्रव्य एका कप्प्यात आणि मायरोसिनेझ हे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. सुरी चालते तेव्हा दोन्ही एकत्र येतात आणि ज्याचे गुणगान होते ते सल्फोराफेन तयार होते. चिरल्याबरोबर उकळत्या पाण्यात टाकल्यास विकर निकामी होते आणि हे रूपांतर जेमतेम सुरू होऊन थांबते. चिरून अर्धा-पाऊण तास ठेवून मग शिजवावी, किंवा शिजल्यावर वरून थोडी कच्च्या मोहरीची पूड घालावी, कारण तिच्यात तेच विकर असते.

पॉलिफिनॉलची कथा आणखी वेगळी आहे. शरीर त्यांना परकी द्रव्ये मानते; आतड्याची भिंत आणि यकृत त्यांना ग्लुक्युरॉनिक आम्ल किंवा सल्फेट जोडून लघवी व पित्तावाटे बाहेर पाठवतात. जे लहान आतड्यात शोषले जात नाही ते मोठ्या आतड्यातील जिवाणूंच्या ताब्यात जाते आणि ते त्यापासून नवीच संयुगे घडवतात. सोयाबीनमधील डायडझीन या पॉलिफिनॉलपासून इक्वॉल हे नवे संयुग बनवणारे जिवाणू पाश्चात्त्य देशांत साधारण २५ ते ३० टक्के प्रौढांत आढळतात, जपानमध्ये ५० ते ६० टक्क्यांत. म्हणजे एकच अन्न खाऊन दोन व्यक्तींच्या रक्तात वेगवेगळी द्रव्ये पोहोचतात. त्यामुळे काचपात्रातील पेशींवर थेट मूळ द्रव्य ओतून काढलेले निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावणे मला मुळीच पटत नाही.

वाटसरू :
शाकाहारी आहात म्हणून एवढेच सुचवतो, की ब-१२ सुद्धा तपासून घ्या. जठरात स्रवणाऱ्या इंट्रिन्सिक फॅक्टर या प्रथिनाच्या मदतीने होणारे त्याचे शोषण एका वेळी १.५ ते २ मायक्रोग्रॅमच्या आसपास येऊन थांबते. मोठ्या मात्रेच्या गोळीतील उरलेल्यापैकी सुमारे १ टक्का तेवढा आपोआप झिरपतो.

आर्द्रा :
सर्वांचे मनापासून आभार. आता दोन शंका राहतात. प्रत्येक जेवणात हे सगळे जुळवत बसायचे का? आणि शोषण वाढवण्यासाठी हळदीतील कर्क्युमिनच्या गोळीत मिऱ्यातील पायपेरिन घालतात, तशी युक्ती इतरत्रही वापरावी का?

निरंतर :
पहिल्या शंकेबाबत : चहा आणि क जीवनसत्त्वाचे ठळक परिणाम बहुतेक वेळा एकेका जेवणावरच्या प्रयोगांतून दिसले आहेत, अनेक दिवसांच्या मिश्र आहारात ते बरेच सौम्य होतात. त्यामुळे चहा जेवणापासून दूर ठेवणे आणि जेवणात एखादे आंबट फळ किंवा कच्ची भाजी असणे एवढी सवय पुरे. रोज टक्केवारी मांडू नका.

पायपेरिनबाबत मात्र सावध राहावे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपेरिन दिल्यावर कर्क्युमिनची रक्तातील उपलब्धता सुमारे २० पट वाढली, हे खरे. पण मूळ प्रमाण अत्यल्प असल्याने वाढूनही ते थोडेच राहिले. शिवाय पायपेरिन यकृताची निचरा करणारी यंत्रणाच मंदावते, आणि तीच यंत्रणा अनेक औषधांचाही निचरा करते. फेनिटॉइनसारख्या (अपस्मारावरील) औषधाची रक्तातील पातळी त्यामुळे वाढू शकते.

तुमच्या लोहाच्या गोळीबद्दल डॉक्टरांना एक विचारून पाहा. गोळी घेतल्यावर हेप्सिडिन वाढते आणि दुसऱ्या दिवशीही ते वाढलेलेच असते, म्हणून एक दिवसाआड घेतल्यास प्रत्येक गोळीतील लोहाचा अधिक वाटा शोषला जातो, असे लोह कमी असलेल्या स्त्रियांवरील अभ्यासांत दिसले आहे. तुमच्यासाठी ती पद्धत योग्य आहे का, हे तुमचे अहवाल पाहून त्यांनीच ठरवावे. तोवर गोळी कॅल्शियमच्या गोळीबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका.