काळ्या जमिनीत घायपात कुजतो. उरलेले झाड कसे वाचवावे?

परसबाग (सातारा):
घराच्या दक्षिणेकडील मोकळ्या जागेत दोन वर्षांपूर्वी पिवळ्या कडांचे दोन घायपात लावले होते. गेल्या श्रावणात त्यांतील एकाची खालची पाने पिवळी पडून लोळू लागली आणि पोंगा (मधल्या न उघडलेल्या पानांचा सुळका) नुसता धरताच हातात आला. बुडाशी तपकिरी, दुर्गंधीयुक्त लगदा झाला होता. शेताच्या बांधावर कोणी ढुंकूनही न पाहता वाढणारे हे झाड आमच्या वाफ्यात, शेणखत घालूनही, का कुजावे? जमीन काळी आहे. दुसरे झाड पावसाळ्यापूर्वी हलवावे का?

मुरमाड:
आपल्या प्रश्नातच उत्तर आहे. बांध उंच असतो, तेथे पाणी थांबत नाही आणि शेणखतही कोणी घालत नाही. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तिच्यात खड्डा खणून मुरूम भरण्याची चूक करू नये, कारण तो खड्डा पावसात हौदासारखा भरतो. त्याऐवजी जमिनीवरच मुरूम, विटांचे तुकडे, जाड वाळू आणि जेमतेम पाव हिस्सा माती यांचा दीड-दोन फुटांचा उंचवटा करावा. झाड उपटून कुजकी मुळे कापावीत, आठवडाभर सावलीत सुकू द्यावे, मग किंचित तिरपे लावावे, म्हणजे पोंग्यात पाणी साचणार नाही. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकल्यास पावसाआधी नवी मुळे धरतात.

डेन्व्हरकर:
आमच्याकडे हिवाळ्यात तापमान कधीकधी उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली जाते, तरी अ‍ॅगेव्ह पॅरी ही घायपाताचीच अ‍ॅरिझोना-न्यू मेक्सिकोच्या डोंगरांतली जात माझ्या अंगणात बाहेरच आहे. पहिले रोप मी गमावले ते छपराच्या पागोळ्यांखाली लावल्यामुळे. वितळलेल्या बर्फाचे पाणी थेट बुडाशी जात असे. पुढचे चार हात पलीकडे, खडीच्या उतारावर लावले, ते सुखरूप आहे. आपल्या झाडावर पन्हळीचे किंवा पागोळ्यांचे पाणी पडते का, हेही पाहावे.

बांधावरचा:
वरील सल्ला योग्य आहे. फक्त झाड हलवताना हातमोजे आणि लांब बाह्यांचा सदरा घालावा, कारण पानाच्या रसात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि अंगाला लागल्यास खाज सुटून पुरळ उठते. (कोरफडीसारखे दिसते म्हणून रस चोळणारेही मी पाहिले आहेत.) बुडाशी फुटवे असल्यास आत्ताच दोन-तीन काढून कुंडीत लावावेत, म्हणजे मूळ झाड गेले तरी जात राहील. तसेही फुलोऱ्याचा दांडा आला की ते झाड मरते, मग त्याला दहा वर्षे लागोत वा तीस. वाटेच्या कडेला मात्र लावू नये. टोकाचा काटा नेमका मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो.

परसबाग (सातारा):
सर्वांचे आभार. आज पाहिले, तर मेलेले झाड नेमके पन्हळीच्या तोंडाखाली होते. उरलेले तेथून तीन फुटांवर आहे. त्याचा पोंगा घट्ट आहे आणि नव्या पानांवर शेजारच्या पानांच्या दातांचे ठसे स्वच्छ उमटलेले आहेत. बुडाशी चार फुटवे मिळाले, त्यांतले दोन काढून सावलीत ठेवले आहेत. मुरूम रविवारी येईल.