अनुभव धागा: घरची पार्टी नीट, बिनघोर कशी करावी?

गच्चीवाला
सोसायटीच्या ग्रुपवर थर्टी फर्स्टची वर्गणी फिरायला लागली आणि जुन्या गच्चीवरच्या पार्ट्या आठवल्या. तेव्हा हिशेब फक्त चिकन किती किलो एवढाच असायचा. कोण कसं घरी जाणार, हे यजमानाच्या यादीतच नसायचं. म्हणून हा धागा. गमतीजमती लिहाच, पण मापं आणि पद्धतीही लिहा.
माझ्याकडून पहिली: गाडीच्या चाव्या दारातच घ्यायच्या, पहिला पेग ओतायच्या आधी. दोन पेगनंतर मागितल्या की वाद होतो. चिकटपट्टीवर नाव लिहून चावीला लावा, सगळ्या एका डब्यात टाका आणि डबा न पिणाऱ्याकडे द्या. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आमच्या नाशिकात गंगापूर रोडवरून सिडको काय लांब, असं म्हणणारा हमखास एक असतो. त्याची चावी सगळ्यात आधी.

मोजूनमापून
पेग डोळ्यांनी ओतू नका, ३० मिलीचं माप ठेवा. व्हिस्की ४२.८ टक्के म्हणजे ३० मिलीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. १२-१३ टक्क्यांच्या वाईनचा १५० मिलीचा ग्लास म्हणजे दीड पेग. आणि ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी: ८ टक्क्यांची स्ट्राँग, ६५० मिलीची एक बाटली म्हणजे ४० ग्रॅमच्या वर, चार छोटे पेग! शरीर तासाला जेमतेम एक छोटा पेग निपटतं. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून तर देऊच नका. झोप उडते, नशा तेवढीच राहते आणि माणसाला वाटतं आपण शुद्धीवर आहोत.

सिडकोची सून
चार पेग?? आमच्याकडे ती ‘हलकीफुलकी’ म्हणून चालते 😅 ह्यांना वाचून दाखवते.

मोजूनमापून
दाखवा ताई, पण जेवण झाल्यावर. आणि जेवण नऊलाच वाढा. साडेअकराला बिर्याणी काढणं ही यजमानाची चूक. रिकाम्या पोटी दारू भराभर रक्तात जाते. सुरुवातीला नुसते चिप्स नकोत, त्यानं तहान वाढते आणि ग्लास लवकर रिकामा होतो. पनीर, अंडी, भाजलेले शेंगदाणे ठेवा. पाण्याच्या बाटल्या टेबलावर दिसतील अशा, माणशी लिटरभर.

द्राक्षबाग
शेंगदाण्यावरून आठवलं. पाच वर्षांखालची मुलं असतील तर शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षं त्यांच्या हाताला लागतील अशी नकोत. नाशिकात द्राक्षांचा वाडगा टेबलावर असतोच, पण अख्खं द्राक्ष लहान घशात बुचासारखं बसतं. उभे चार काप करून द्या, बसवून खायला घाला. घरात कुत्रा असेल तर द्राक्षं आणि बेदाणे दोन्ही लांब, त्याच्या मूत्रपिंडावर जातं. थोडीशीसुद्धा नको.

पेठरोड
बेदाणे पण?? आमचा मोत्या शिरा खातो हो.

द्राक्षबाग
शिरा बिनबेदाण्याचा करा. खाल्लेच असतील तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याला फोन.

निफाडची थंडी
शेकोटीबद्दल कुणीच लिहिलं नाही. थंडी वाजली की पेटती शेगडी किंवा बार्बेक्यू खोलीत आणतात, दारंखिडक्या लावतात. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. धूर दिसेनासा झाला, निखारे राखेखाली गेले, तरी निघतच असतो. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, म्हणजे सगळी लक्षणं चढल्यासारखीच. लोक ‘जास्त झाली’ म्हणून तिथंच झोपवतात. एकाच खोलीतल्या दोघातिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, त्यात एखादा न पिणारा असेल, तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग १०८. बंदिस्त केलेली बाल्कनीसुद्धा खोलीच धरा. पत्र्याची बादली आणि पाणी जवळ ठेवा, निखारे पूर्ण विझवूनच खाली या.

मिसळ_जहाल
थर्टी फर्स्ट जाऊ द्या, एक तारखेची मिसळ कुठे? 😋

सिडकोची सून
घरीच. मटकी आदल्या दिवशी भिजवायची, पापड आणि दही विसरायचं नाही. पापडाशिवाय वाढली तर नाशिककर उठून जातील.

नाईटशिफ्ट_नर्स
कुणी फार प्यालं तर: ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून एकट्याला खोलीत टाकू नका. पोटात गेलेली दारू झोपेतही रक्तात चढत राहते. कुशीवर झोपवा, वरचा गुडघा दुमडून पुढे, तोंड किंचित खाली, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जात नाही. घशात बोट घालून उलटी काढू नका. हलवून उठत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, ओठ निळसर असतील तर लगेच १०८. किती आणि काय घेतलं ते खरं सांगा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर अचानक उतरते आणि तीही नशेसारखीच दिसते. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर एक थेंबही नको. बाकी टाइप करत नाही, ड्यूटी आहे.

वायरमनकाका
सहा अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर जास्तीत जास्त १३८० वॉट. इंडक्शन एकटीच २००० वॉट ओढते. ती १६ अँपिअरच्या पॉइंटलाच लावा. गुंडाळलेली वायर पूर्ण सोडा, वेटोळ्यात ती तापते. स्नो स्प्रे केकवर मेणबत्ती पेटलेली असताना मारू नका. त्यात ब्युटेन, प्रोपेनसारखा ज्वलनशील गॅस असतो, केस आणि कपडे भपकन पेटतात.

तिसरा मजला
आणि आवाज? खाली दहावीची मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत.

गच्चीवाला
रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद, हा नियम. वर्षात ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट मिळते, पण ते दिवस आधी जाहीर होतात. यादी बघा, गृहीत धरू नका. स्पीकर गच्चीच्या कठड्यावर नको, जमिनीवर आणि तोंड आत. कठड्यावर ग्लास नकोत, माणसं तर नकोतच.

पेठरोड
बर्फ? कोपऱ्यावर लादी मिळते.

सिडकोची सून
ती लादी बाटल्या गार करायला. नियमाप्रमाणे न खायच्या बर्फात निळा रंग असायला हवा, पण पांढरा दिसला म्हणून पेल्यात घालू नका. पेल्यासाठी घरी उकळून गार केलेल्या पाण्याचा. दोन दिवस आधीपासून ट्रे भरून पिशवीत साठवत जा.
उरलेल्या बिर्याणीचं कुणी लिहिलं नाही. मोठ्या पातेल्यात मधला भात तासन्‌तास कोमट राहतो. शिजवलेल्या भातात जिवाणूंचे बीजाणू तग धरतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दोन तासांच्या आत उथळ डब्यांत, दोन इंचाच्या थरात काढून फ्रीजमध्ये. रात्रभर ओट्यावर राहिली असेल तर सकाळी कुणालाही बांधून देऊ नका, कामवाल्या मावशींनाही नाही.