फ्रीराइड कॉम्पिटिशनसाठी स्की कुठली घेऊ, १०८ मिमी कमरेची का १२०?

इन्सब्रुकचा_पुणेकर
नमस्कार मंडळी. मी मूळचा कोथरूडचा, चार वर्षं झाली इन्सब्रुकला, पहिल्या वर्षी बच्चे कंपनीच्या रांगेत उभं राहून शिकलो आणि आता वेड असं लागलंय की दर शनिवारी नॉर्डकेटवर असतो. येत्या सीझनला एखाद्या १ स्टार क्वालिफायरला (फ्रीराइड, म्हणजे तयार न केलेल्या उतारावरच्या स्पर्धांची सगळ्यात खालची पायरी) नाव द्यायचं डोक्यात आहे (हसू नका). उंची १७४, वजन ६८. आत्ता कमरेला (मधल्या रुंदीला) ९६ मिमी असलेली ऑल माउंटन स्की आहे, १७७ लांब, जरा वेग घेतला की नुसती थडथडते. दुकानात बेंट चेटलर १२० हातात घेतली, इतकी हलकी की प्रेमातच पडलो, पण रूममेट म्हणतो काटाना १०८ घे. आणि बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) पिव्हट १८ घेऊ का, व्हिडिओत बरेच जण तेच लावतात. बजेट सगळं मिळून ९०० युरो.

कडा_आणि_मेण
प्रेमात पड, लग्न नको करूस. मी तिरोलमध्येच एका वर्कशॉपला स्की ट्यून करतो, त्यामुळे कॉम्पिटिशनहून परत आलेल्या स्कीज कशा दिसतात ते रोज बघतो. बेंट चेटलर भारी आहे पण ती ताज्या पावडरमध्ये (भुसभुशीत बर्फात) बागडायला. स्पर्धेची तारीख आधी ठरते, बर्फ त्याच्या मर्जीने पडतो, म्हणजे तुझ्या नशिबी वाऱ्याने थापून टणक झालेला नाहीतर उन्हात वितळून रात्री परत गोठलेला फेस (स्पर्धेचा उभा उतार), आणि उतरायचा नंबर चाळिसावा आला तर आधीच्या ३९ जणांनी उकरून ठेवलेला. चांगल्या क्लिफखाली तर सगळे एकाच जागी पडतात, तिथं हा खड्डा झालेला असतो. हलकी स्की अशा ठिकाणी टोकाला फडफडते आणि कुठंही वळते, जड स्की स्वतःच्या वजनावर त्यातनं सरळ निघून जाते. लँडिंगनंतर तीन सेकंद पाय हलले नाहीत पाहिजेत, त्या तीन सेकंदांसाठी स्की घे. काटानात टायटनल (धातूचा थर) आहे, माझं मत तिलाच, १८४ लांबीची.

अजून एक, फेसवर आधी प्रॅक्टिस रन मिळत नाही, खालून दुर्बिणीने बघून लाइन ठरवायची आणि थेट उतरायचं. तेव्हा नवी स्की स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नको, डिसेंबरमध्येच घे आणि पायात मुरू दे.

गुलमर्गवारी
मी ठाण्याची, दर फेब्रुवारीत गुलमर्ग, त्यामुळे तुझी चूक मी आधीच करून बसलेय 😄 अफरवातवरच्या पावडरसाठी ११८ घेतली, तिथं स्वर्ग होता, मग एप्रिलमध्ये नवऱ्याच्या कामानिमित्त शामोनीला गेलो तर सकाळच्या गोठलेल्या उतारावर कड पकडेचना, ट्रॅव्हर्स करताना (उतारावर आडवं जाताना) गुडघ्यांची वाट लागली. त्यामुळे १२० नकोच. पण काटानाबद्दल कडादादांशी सहमत नाही. मी ५९ किलोची आहे, ती स्की माझ्या मनाने वळलीच नाही, दुपारी थकल्यावर तर तीच मला चालवत होती. ६८ किलोला कदाचित जमेल, पण क्यूएसटी ब्लँक ट्राय कर, ११२ कमर, मेटल नाही तरी फुलासारखी हलकीही नाही, आणि चूक झाली तर माफ करते. १ स्टारला कोणी तुझ्याकडे बॅकफ्लिप मागत नाहीये.

कडा_आणि_मेण
ताई बरोबर आहे, मी स्वतः ८५ किलोचा आहे हे विसरूनच लिहिलं. डेमो घेऊन दोन्ही चालव, आणि मऊ बर्फाच्या दिवशी नको, मुद्दाम खराब दिवशी.

सॉल्टलेक_सावंत
बाइंडिंगवर बोलतो कारण त्यावर कोणीच बोललं नाही. पिव्हट १८ ची डिनची (किती जोर पडला की बूट स्कीतून सुटेल त्या आकड्याची) रेंजच ८ पासून सुरू होते, १५ ची ६ पासून. तुझं डिन टेक्निशियनने वजन, उंची, बुटाच्या सोलची लांबी, वय आणि स्कीइंगचा प्रकार बघून काढायचं असतं, ते ७-८ च्या आसपास आलं तर १८ घेऊन पैसे आणि वजन दोन्ही वाया. पिव्हट १५ किंवा जेस्टर १६ पुष्कळ झालं. आणि रनमध्ये स्की सुटू नये म्हणून डिन उगाच वर चढवू नकोस, पडल्यावर स्की सुटली नाही तर गुडघा सुटतो. टूरिंगही (स्की लावून डोंगर चढणं) करणार असशील तर शिफ्ट बाइंडिंगचा विचार कर, नाहीतर साधं अल्पाइनच बरं.

जज लाइन, कंट्रोल, फ्लुइडिटी, एअर अँड स्टाइल आणि टेक्निक बघतात. नवखे लोक एअरच्या मागे लागतात आणि कंट्रोलमध्ये मार खातात, मी पण खाल्लाय. मध्येच थांबून पुढचा रस्ता शोधलास की फ्लुइडिटी गेली. बजेटमधले पैसे ट्रान्सीव्हर (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी), हेल्मेट आणि बॅक प्रोटेक्टरसाठी आधी बाजूला काढ, त्यांच्याशिवाय स्टार्टला उभं करत नाहीत.

इन्सब्रुकचा_पुणेकर
बापरे, धन्यवाद सगळ्यांना. १२० बाद. लांबीचं मात्र कळेना, माझ्यापेक्षा १० सेमी लांब स्की म्हणजे झाडांमधून कशी वळणार? आणि माउंट पॉइंट (बाइंडिंग बसवायची जागा) पुढे घ्यायचा का?

कडा_आणि_मेण
पुढे-मागे रॉकर (वर उचललेली टोकं) असल्यामुळे टणक बर्फावर १८४ ची टेकणारी कड बरीच कमी असते, म्हणून वाटते तेवढी लांब लागत नाही. माउंट कंपनीच्या रेषेवरच कर, पुढे घेतलं तर हवेत फिरायला सोपं पण समोरचं टोक आखूड होतं आणि खड्ड्यात बुडतं. शिवाय एकदा भोकं पाडली की त्यांना चिकटून परत पाडता येत नाहीत. बहुतेक वर्षी मार्चमध्ये फीबरब्रुनला विल्डझेलोडर डोंगरावर फ्रीराइड वर्ल्ड टूर असते, तुझ्याकडून ट्रेनने तास-दीड तास, जाऊन बघ, पण उड्या नको बघू, उडीनंतर टोकं किती हलतात ते बघ. आणि स्की आणलीस की टोकाच्या नि शेपटीच्या कडा गमी स्टोनने (रबरी घासणीने) थोड्या बोथट कर, कारखान्यातनं आलेल्या धारेवर पहिल्याच दिवशी खडबडीत उतारावर अडकतोस. जमत नसेल तर घेऊन ये, बिअरवर करून देईन.