फिलॉसॉफर नक्की कोणाला म्हणायचं? (युरोपच्या संदर्भात)

शेवटचा_बाक:
एस वाय बीए, विषय तत्त्वज्ञान. आमच्या घरात 'फिलॉसॉफर' ही शिवीच आहे, लाइट बिल भरायचं विसरलो की काका म्हणतात आला बघा फिलॉसॉफर. पण खरंच प्रश्न पडलाय. सिलॅबसमध्ये मार्कस ऑरेलियस आहे तो रोमचा बादशहा, एपिक्टेटस आहे तो आधी गुलाम, देकार्त काही वर्षं सैन्यात, लॉक डॉक्टरकी शिकलेला, ह्यूमला तर एडिंबरा आणि ग्लासगो दोन्हीकडे प्रोफेसरकी मिळालीच नाही आणि हे सगळे फिलॉसॉफर. मग आम्हाला शिकवणारे सर तत्त्वज्ञ का नाहीत? ते स्वतःच हसून म्हणतात, मी नोकरदार आहे रे बाबा. डिग्री नाही, नोकरी नाही, मग तिकडे हे ठरवतात कशावरून?

भिंगवाला:
माझ्यासाठी याचं उत्तर स्पिनोझा, सतराव्या शतकातला डच तत्त्वज्ञ. 1656 साली ॲम्स्टरडॅमच्या पोर्तुगीज ज्यू समाजाने त्याला वाळीत टाकलं, वय 23. हुकूम असा की कोणी त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्यापासून चार हातांच्या आत यायचं नाही, त्याने लिहिलेलं वाचायचं नाही. पुढे हा माणूस भिंगं घासायचा, दुर्बिणी आणि मायक्रोस्कोपची, आणि शेवटी हेगमध्ये एका चित्रकाराच्या घरी भाड्याने राहिला. नंतर तिथल्याच कोलेरस नावाच्या पाद्र्याने त्याचं चरित्र लिहिलं, त्यात खर्चाचा हिशोब आहे, एक दिवस लोणी घातलेलं दुधाचं सूप आणि थोडी बियर, दुसऱ्या दिवशी बेदाणे आणि लोणी घातलेली पेज, बस्स.

आणि 1673 साली या माणसाला हायडेलबर्ग विद्यापीठातून प्रोफेसरकीची ऑफर येते! पत्रात लिहिलेलं की विचार मांडायला पूर्ण मोकळीक, फक्त राजमान्य धर्माला धक्का लावण्यासाठी ती वापरणार नाही असा विश्वास आहे. याने महिनाभर विचार केला आणि नम्रपणे नाही म्हणाला. का, तर धर्माला धक्का लागतोय असं कोणाला वाटू नये म्हणून ती मोकळीक नेमकी कुठे आवरायची हे मला कळत नाही. मला विचाराल तर फिलॉसॉफर असणं या एका वाक्यात आहे.

हिशेबी_माणूस:
भिंगवाला, छान लिहिलंय पण गरीब बिचारा भिंगं घासून जगला हे लोक जरा रंगवून सांगतात. एका मित्राच्या इस्टेटीतून त्याला वर्षाला 500 गिल्डर (तेव्हाचं डच चलन) मिळणार होते, यानेच ते जास्त होतात म्हणून 300 वर आणले, हे तुमच्या कोलेरसनेच लिहिलंय.

आणि प्रोफेसर म्हणजे फिलॉसॉफर नाही हेही पटत नाही. कांट घ्या की, अठराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ. 1755 ते 1770 अशी पंधरा वर्षं क्योनिग्सबर्ग या त्याच्या शहरात विद्यापीठाचा पगार नसताना शिकवत होता, विद्यार्थी फी देतील ती कमाई, म्हणजे आपल्या भाषेत क्लासवालाच. लॉजिक, गणित, भूगोल, जे चालेल ते शिकवायचा आणि वर किल्ल्यातल्या लायब्ररीत दुय्यम ग्रंथपालाची नोकरी. त्याचं मोठं पुस्तक, 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन', आलं 1781 मध्ये, तेव्हा रीतसर प्रोफेसर होता. त्याचं म्हणणं होतं की फिलॉसॉफी शिकता येत नाही, फक्त फिलॉसॉफी करायला शिकता येतं. तुमच्या सरांनी वर्गात एखाद्याला जरी करायला लावली असेल तर त्यांना नोकरदार म्हणू नका.

टेस्टट्यूब:
विषयांतर. मी केमिस्ट्रीत पीएचडी, म्हणजे डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी, आणि प्लेटोचं एक पान वाचलेलं नाही 😄 जुन्या विद्यापीठांत वरच्या शाखा तीनच, धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक. बाकी सगळं खालच्या शाखेत, जर्मनीत तिचं नाव फिलॉसॉफी, त्याची ही शेपूट. न्यूटनच्या 1687 च्या ग्रंथाच्या नावातही फिलॉसॉफीच आहे, 'सायंटिस्ट' हा इंग्रजी शब्द छापून आला थेट 1834 मध्ये. म्हणजे या शब्दाखाली कोण बसणार ते दर शतकात बदलत आलंय, एक व्याख्या शोधत बसू नका.

भिंगवाला:
300 गिल्डरचं मान्य. पण हिशेबी, कमी करून घेतले ना त्याने? पगारवाढ कमी करा म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. टेस्टट्यूब, शब्द बदलला हे खरं, तरी सॉक्रेटिसपासून एक गोष्ट दिसतेच की नुसतं मत असून भागत नाही, कारण द्यावं लागतं आणि समोरच्याने ते खोडलं तर ऐकून घ्यावं लागतं. बादशहा असो नाहीतर गुलाम.

शेवटचा_बाक:
सगळ्यांना थँक्स. सरांना कांटचं क्लासवालं प्रकरण दाखवलं, ते बराच वेळ हसले आणि म्हणाले फी वेळेवर मिळायची का ते विचार 😂 भिंगवाला, ती हायडेलबर्गची पत्रं कुठे सापडतील?

भिंगवाला:
स्पिनोझाच्या पत्रसंग्रहात नंबर 47 आणि 48. दोन्ही छोटी आहेत, बसमध्ये वाचून होतील.