आईच्या पापण्या रोज सकाळी चिकटतात, तीन महिने झाले, नक्की कशामुळे?

आईचं वय ६१. सकाळी उठली की डोळे उघडतच नाहीत, कापूस कोमट पाण्यात भिजवून हळूहळू सोडवावे लागतात. पापणीच्या केसांच्या मुळाशी पिवळट खपली धरते, कडा लालभडक, आणि दिवसभर डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं म्हणते. आधी वाटलं डोळे आलेत, म्हणून मेडिकलमधून ड्रॉप आणले, चार दिवस बरं वाटलं की परत तेच. मधे दोनदा रांजणवाडी पण झाली. परवा घरच्या लग्नालासुद्धा आली नाही, लोक काय म्हणतील म्हणून, मला फार वाईट वाटलं. कोणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद १
डोळे आले असते तर एवढे महिने राहिले नसते हो. माझ्या बाबांना अगदी हेच होतं, ब्लेफरायटिस निघालं, म्हणजे पापणीच्या कडेची सूज. तिथे तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यांची तोंडं बुजली की डोळ्यातलं पाणी पटकन सुकतं आणि खुपायला लागतं. डॉक्टरांनी मशीनवर बसवून पापणी जरा दाबली तर तेलाऐवजी टूथपेस्टसारखं पांढरं बाहेर आलं, मी स्वतः स्क्रीनवर पाहिलं! आईच्या डोक्यात, भुवयांत कोंडा आहे का बघा, बाबांचं मूळ तिथेच होतं. गरम पाण्यात पिळलेला रुमाल (सोसेल इतकाच गरम) मिटलेल्या डोळ्यांवर ५ ते १० मिनिटं, मग वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर हलक्या बोटाने चोळायची, मग कडा पुसायच्या. रोज दोनदा, आणि बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही, बाबांनी सोडलं आणि पंधरा दिवसात परत सुरू.

प्रतिसाद २
त्या ड्रॉपच्या बाटलीवर काय लिहिलंय ते आधी वाचा प्लीज. स्टेरॉइड असेल तर तात्पुरतं छान वाटतं पण डॉक्टरांना न विचारता घेत राहिलं तर डोळ्याचं प्रेशर वाढतं, मोतीबिंदू होतो. माझ्या मावशीचं प्रेशर असंच वाढलं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. आणि रांजणवाडी सारखी होतेय तर शुगर तपासून घ्या. काजळ सध्या बंद.

प्रतिसाद ३
डेमोडेक्स पण असू शकतं, केसांच्या मुळाशी राहणारे अगदी सूक्ष्म किडे, साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यात प्रत्येक केसाच्या बुडाशी कॉलरसारखी खपली दिसते. टी ट्री ऑइल चांगलं म्हणून कोणी सांगेल, पण नुसतं तेल डोळ्याजवळ अजिबात नेऊ नका, जळतं. नाकाजवळचा कोपरा दाबला की पू येत असेल तर अश्रूंची नळी बुजलेली असते, तो वेगळाच आजार. आणि हे एकाच डोळ्याला असेल, पापणीचे केस गळत असतील किंवा गाठ त्याच जागी परत येत असेल तर थांबू नका, क्वचित पापणीचा कॅन्सर असाच दिसतो.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे खूप आभार. दोन्ही डोळ्यांना आहे, केस गळत नाहीत, कोपरा दाबून पाहिला, काही आलं नाही. कोंडा मात्र भरपूर आहे, आम्ही कधी लक्षच दिलं नव्हतं. बाटलीवर डेक्सामेथासोन लिहिलंय, म्हणजे स्टेरॉइडच, लगेच फोन करून उद्या सकाळची अपॉइंटमेंट घेतली, बाटली सोबत नेतेय, प्रेशर पण तपासायला सांगते. आत्ता आई रुमाल ठेवून पडलीये, म्हणाली बरं वाटतंय.