तुमच्या वेळचा 'नंबर वन' कुठला? काउंटडाउनच्या आठवणी लिहा

मांडवीकाठ
काल रात्री एका चॅनलवर नव्वदीच्या दशकातल्या शंभर गाण्यांचा काउंटडाउन लागला होता. शेवटपर्यंत बसलो आणि पहिला नंबर बघून डोकंच तापलं. मग झोप कुठली! १९९३-९४ आठवलं. दूरदर्शनच्या मेट्रो चॅनलवरचा गाण्यांचा काउंटडाउन 'सुपरहिट मुकाबला', सादर करायला रॅपर बाबा सेहगल. ते चॅनल आमच्या वाड्यावर अँटेनाला येत नसे, केबल फक्त पसरकाराच्या (दुकानदाराच्या) घरी. त्यांच्या सोप्यावर सगळा वाडा दाटीवाटीने बसायचा. 'चोली के पीछे' वर की 'बाजीगर' वर, यावरून दोन सख्खे भाऊ अबोला धरायचे. नंबर तीन झाला की कोणी पाणी प्यायलासुद्धा उठत नसे. आणि नेमकी तेव्हाच लाईट जायची. मग दुसऱ्या दिवशी शाळेत पहिला प्रश्न: पहिला कोण आला रे? तुमचंही लिहा.

सांग्याची बाय
आमच्याकडे 'चोली' लागलं की आई आवाज बंद करायची. चित्र बघा, ऐकू नका! शब्द आम्हाला पाठच होते, तोंडातल्या तोंडात म्हणायचो.

पेडण्याहून
तुमचा टीव्ही फार नंतरचा हो. आमचा बुधवार, रात्री आठ, रेडिओ सिलोन. तिथली 'बिनाका गीतमाला', हिंदी गाण्यांच्या क्रमवारीचा कार्यक्रम, १९५२ साली सुरू झाली, तेव्हा इथे गोव्यात पोर्तुगीज अंमल होता. वडील शॉर्टवेव्हवर कान लावून बसायचे, खरखरीतून निवेदक अमीन सायानींचा आवाज वर यायचा. पुढे मीही तसाच बसू लागलो. क्रम लावताना रेकॉर्डची विक्री धरत, देशभरातल्या श्रोता संघांची मतंही धरत. त्यामुळे आपलं गाणं दोन पायदानं वर चढलं की आपणच चढवल्यासारखं वाटायचं. चार माणसांनी खोलीत बसून ठरवलेल्या यादीत ती गोडी कुठून येणार? २०२४ च्या फेब्रुवारीत अमीनजी गेले, त्या रात्री जेवण गेलं नाही.

मांडवीकाठ
काका, वडिलांचं अजून लिहा ना.

शिवोलीकार
रेमो!! गायक रेमो फर्नांडिस, कोणीच कसं नाव घेतलं नाही? १९९५ ला 'बॉम्बे' आला, हम्मा हम्मा हिंदीत आमच्या गावच्या माणसाने गायलेलं. प्रत्येक काउंटडाउनमध्ये असायचंच. खाली घसरलं की घरात सुतक. टीव्हीवर तो आवाज आला की आजी भाजी चिरायची थांबवून म्हणायची, "आपला भुरगो (मुलगा) रे."

कुळागरातली
मी वहीच करायचे. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर तारीख, गाणं, या आठवड्याचा नंबर, गेल्या आठवड्याचा नंबर, वर बाण की खाली बाण. बाबांनी ती पानं पाहिली तेव्हा रागावतील असं वाटलं, तर म्हणाले, "हे गाणं तीन आठवडे खाली येतंय, पुढच्या आठवड्यात बाहेर." आणि तसंच झालं. तेव्हापासून आम्ही दोघं मिळून अंदाज बांधायचो. बाबा नाहीत आता.

सांग्याची बाय
@कुळागरातली, वाचून भरून आलं गो.

दूधसागर एक्सप्रेस
झी वरचा 'फिलिप्स टॉप टेन' कोणाला आठवतो? आम्ही गाण्यांसाठी नाही, सतीश कौशिकसाठी बघायचो. तेही २०२३ ला गेले. इंग्लिश गाण्यांचं वेड मात्र मोठ्या भावामुळे. सर्वोत्तम व्हिडिओंच्या जागतिक याद्यांमध्ये मायकल जॅक्सनचं 'थ्रिलर' वरच असायचं. १९८३ चा तो व्हिडिओ, जवळजवळ चौदा मिनिटांचा. माझं मत सांगतो, नुसतं गाणं पाहिलं तर त्याच अल्बममधलं 'बिली जीन' वरचढ आहे. पण व्हिडिओत 'थ्रिलर'च. गाण्याला गोष्ट लागते हे आम्हाला तिथे कळलं.

म्हापसा बाजार
'बिली जीन' वरचढ? अजिबात नाही. शुक्रवारी बाजारात भेट, सांगतो.

अंत्रुजकर
जरा वेगळं लिहितो. या सगळ्या याद्यांत आमच्या केरीच्या शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर कुठे बसतात? १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानाबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात त्यांची भैरवी आहे. बाख, बीथोवेनच्या पंगतीत. ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलेल्या गाण्याला नंबर कोण देणार? गोव्यात शाळेतल्या प्रत्येक मुलाला हे माहीत असायला हवं, मी हे पोटतिडकीने लिहितोय.

कुळागरातली
अंत्रुजकर, खरंय. माझ्या लेकीला आजच ऐकवते.

चवथीची घाई
चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) मखराच्या गडबडीत आहे, थोडंच लिहिते. टेपरेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरला चिकटवून ठेवायचा, लाल आणि काळं बटण एकदम दाबायचं, घरात सगळ्यांना गप्प बसवायचं. एका कॅसेटवर पहिल्या नंबरच्या गाण्यात मधोमध पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा आहे, पोंक पोंक. मूळ गाणं कुठे लागलं की त्या जागी अजून भोंग्याची वाट बघते. ती कॅसेट अजून आहे. फोंड्याकडे कोणी कॅसेट उतरवून देतं का?

दूधसागर एक्सप्रेस
ताई, आधी लावून बघू नका! इतके पावसाळे काढलेत, फितीला बुरशी असणार. खिडकीतून पांढरं दिसतंय का बघा. दिसलं तर तशीच ठेवा, टेपच्या हेडला लागली की दुसऱ्या कॅसेटही जातात.

चवथीची घाई
पाहिलं. एका बाजूला पांढरं आहे. चवथ होऊ दे, मग घेऊन येते तुमच्याकडे.